धुराडं कोण साफ करणार?

पत्र:

ताई, मी पुण्यात प्रॉडक्ट डिझाईनच्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा जानेवारी ते एप्रिलच्या सत्रात ‘समाजासाठी डिझाईन’ असा विषय होता. आमच्या चौघांच्या गटानं पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर पाच घरांत धूर कमी करणारी चूल बसवली. आत पत्र्याचं अस्तर, बाहेरून मातीचं लिंपण आणि छपरातून वर काढलेलं सिमेंटच्या पाइपचं धुराडं. वर्कशॉपमधल्या चाचणीत लाकूड बरंच कमी लागलं होतं. ज्युरीला काम आवडलं आणि आता ते विद्यार्थ्यांच्या एका मोठ्या स्पर्धेला जाणार आहे.

ऑगस्टमध्ये मी एकटीच पाड्यावर जाऊन आले. दोन घरांनी धुराडं काढून टाकलंय. भोकावर प्लास्टिक बांधलंय, तरी एका घरात गळतंय. तिसऱ्या घरात अस्तर फाटलंय आणि चुलीवर सरपण रचून ठेवलंय. चौथ्या घरात तिच्यावर फक्त आंघोळीचं पाणी तापवतात. पाचव्या घरात मला बघून घाईघाईनं जाळ घातला. भाकर पाचही घरांत जुन्याच चुलीवर होते. तक्रार कोणीच केली नाही. उलट मला जेवू घातलं.

गटातले म्हणतात, स्पर्धेच्या मजकुरात ऑगस्टबद्दल काही लिहायचं नाही. वडील विचारतात, कर्ज काढून फी भरली ती चुली बांधायला का? घरगुती उपकरणांच्या एका कंपनीत नोकरी मिळू शकते. शेवटच्या वर्षाचा डिप्लोमा प्रोजेक्ट चुलीवरच करू की हे सगळं सोडून देऊ? आणि आमच्यासारख्यांनी तिथं जावंच का?

(पत्रलेखिकेच्या इच्छेनुसार नाव छापलेलं नाही.)

उत्तर:

प्रिय मुली,

तुझ्या प्रश्नांच्या आधी मला ते गळणारं छप्पर दिसलं. ते भोक तुम्ही पाडलेलं आहे, तेव्हा डिप्लोमा, स्पर्धा, नोकरी या सगळ्याच्या आधी ते बुजवायचं. कौलं शाकारणारा माणूस पाड्यावर किंवा शेजारच्या गावात असतोच. चौघांनी पैसे काढून त्याला मजुरी द्या, लागतील ती कौलं आणून द्या आणि काम पुरं होईपर्यंत तिथं थांबा. फाटलेल्या पत्र्याच्या धारदार कडा उघड्या असतील तर तो पत्राही काढून आणा, कारण लहान मुलं त्याच खोलीत रांगतात. तुला दोष द्यावा म्हणून मी हे सांगत नाही. या कामाला अभ्यासक्रमात गुण नाहीत, म्हणून ते कोणाच्याच कामाच्या यादीत येत नाही. तुझ्या पत्रातल्या बाकीच्या अडचणी मला इथूनच सुरू झालेल्या दिसतात.

आता चूल. धुराचा प्रश्न खरा आहे, त्याबद्दल मनात शंका आणू नकोस. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं अकाली मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तो धूर सगळ्यात जास्त बायकांच्या आणि त्यांच्या कडेवरच्या लेकरांच्या छातीत जातो. पण त्यावर उपाय शोधायला निघालेल्यांत तुम्ही पहिले नाही आहात. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र सरकारनं १९८०च्या दशकात सुरू केला. तीन कोटींहून जास्त चुली बसवल्याची नोंद झाली आणि २००२ मध्ये केंद्रानं तो थांबवला. पुढे ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी धुराडं असलेल्या मातीच्या चुलींचा चार वर्षं अभ्यास केला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे तो फरक दिसेनासा झाला, कारण चुली नेमानं वापरल्या गेल्या नाहीत, त्यांची डागडुजी झाली नाही आणि हळूहळू घरं जुन्या चुलीकडे वळली. तू ऑगस्टमध्ये पाच घरांत जे पाहिलंस तेच त्यांनी अडीच हजारांहून जास्त घरांत पाहिलं. हे सगळं जानेवारीत तुमच्या वाचनात यायला हवं होतं, आणि ते तुमच्यापुढे ठेवण्याची जबाबदारी शिकवणाऱ्यांची होती.

पाचांपैकी एकाही घरात भाकर तुमच्या चुलीवर होत नाही, हे तू लिहिलंस आणि पुढच्या वाक्याकडे गेलीस. तिथं थांबायला हवं. नागलीची भाकर तव्यावर अर्धीमुर्धी भाजते. मग ती चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर उभी करतात आणि तेव्हा ती फुगते. त्यासाठी चुलीचं तोंड रुंद हवं आणि तोंडापुढे निखारे ओढून घ्यायला जागा हवी. धूर कमी करणाऱ्या बहुतेक चुलींचं तोंड मुद्दाम लहान ठेवलेलं असतं, म्हणजे हवा मोजकीच आत जाते आणि आच भांड्याखालीच राहते. तुमच्याही चुलीचं तोंड तसंच असणार. म्हणजे ज्या गुणानं ती चाचणीत उजवी ठरली त्याच गुणानं तिच्यावरची भाकर गेली.

लहान तोंडात लांब लाकूडही जात नाही. जुन्या चुलीत ओंडक्याचं एक टोक आत असतं, बाकीचा बाहेर, आणि जळेल तसा तो पुढे सरकवत जायचा. तुमच्या चुलीसाठी त्याच ओंडक्याच्या वीतभर ढलप्या करायला लागत असतील. ते काम कोणाच्या वाट्याला आलं? बहुधा ज्या बाईनं ती मोळी डोक्यावरून आणली तिच्याच. लाकूड वाचलं तरी कुऱ्हाडीचं काम वाढलं. हा हिशेब तुमच्या पोस्टरवर नसेल, पण तिच्या रोजच्या दिवसात तो आहे.

आणखी दोन गोष्टी बघ. जुन्या मातीच्या चुलीला शेजारी वैल असतो. त्यावर उरलेल्या आचेत कालवण शिजत राहतं, वेगळं सरपण लागत नाही. तुमच्या चुलीला वैल होता का? आणि धूर छळतो तसा उपयोगीही पडतो. चुलीवरच्या माळ्यात बियाण्याची कणसं टांगलेली असतात, सुकट असते, वर बांबूचे वासे असतात. धुरानं त्यांना कीड कमी लागते. धूर पुरता बाहेर घालवलात तर बियाणं कुठं आणि कसं टिकवायचं, हा नवा प्रश्न त्या घरापुढे येतो. म्हणून धूर राहू द्यावा, असं मी म्हणणार नाही. पण त्या घरानं धुराकडून कोणकोणती कामं करून घेतली आहेत, हे आधी मोजायला हवं होतं.

आणि धुराडं. लाकूड ओलसर असलं की त्यात काजळी फार लवकर धरते. ती काढली नाही तर धूर वर जायचा थांबून घरात उलटतो, आणि मग तुमच्या चुलीपेक्षा जुनी बरी वाटू लागते. काजळी काढायला छपरावर चढायला लागतं, भर पावसात, निसरड्या कौलांवरून. तुमच्या रेखाटनांमध्ये धुराडं साफ करणारा माणूस कुठं काढलेला आहे का? नाव नसलं तरी चालेल, आकृती तरी? मला वाटतं, नसेल.

मला तुला मुख्यतः हेच सांगायचं आहे. तू निघून गेल्यावर ती वस्तू दुरुस्त कोण करणार, याचं उत्तर पहिल्या रेखाटनाच्या आधी हवं. ते ज्युरीच्या आदल्या रात्री ‘भविष्यातील वाटचाल’ या मथळ्याखाली लिहायचं नसतं. वस्तूचा आकार, साहित्य, जोड, किंमत हे सगळं त्या एका उत्तरातून निघतं.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही. आपल्याच मातीतलं याचं एक उत्तम उदाहरण तुला कोणी शिकवलं आहे की नाही, मला ठाऊक नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस दुष्काळामागून दुष्काळ पडू लागले, तेव्हा खडकात बोअर पाडून त्यावर हातपंप बसवायला सुरुवात झाली. ते पंप बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते. युरोप-अमेरिकेत शेतावरच्या एका कुटुंबाला पुरतील अशा पंपांच्या त्या नकला होत्या. इथं एकेका पंपावर सबंध गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत पाणी भरायचं. दांडा ज्यावर फिरतो ती खीळ झिजायची, बीड तडकायचं, पंप बंद पडायचा आणि दुरुस्तीला कोणी यायचं नाही. १९७४ च्या एका पाहणीत देशातले सुमारे तीन चतुर्थांश हातपंप बंद आढळले. बोअरला पाणी होतं, पण ते वर येत नव्हतं.

उत्तर सापडलं ते मराठवाड्यात आणि सोलापुरात. जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या पाणीप्रकल्पावर काम करणाऱ्यांनी बिडाऐवजी पोलादाचा पंप केला. अनेक खिळींच्या जागी एकच खीळ ठेवली आणि आतली सळई सरळ ओढली जावी म्हणून दांड्याला साखळी जोडली. त्यावरून सोलापूर पंप झाला. पुढे युनिसेफ, सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांनी सोलापूर पंपावर काम केलं, कोइमतूरच्या गावांत तो कसून वापरून पाहिला आणि १९७०च्या दशकाच्या शेवटी ‘इंडिया मार्क २’ या नावानं त्याचं मोठ्या प्रमाणात उत्पादन सुरू झालं. तू लहानपणी ज्याच्या दांड्याला लोंबकळली असशील तोच हा पंप. त्याचा आराखडा कोणी स्वतःच्या मालकीचा करून ठेवला नाही. भारतीय मानक ठरलं, त्यामुळे एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्या कारखान्याच्या पंपाला बसू लागला.

आणि काम तिथंही थांबलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. मार्क २ टिकाऊ होता, पण खोलवरचा साधा वायसर बदलायचा तरी अख्खी पाइपलाइन वर ओढायला लागायची. त्यासाठी गाडी, तिकाटणं आणि माणसांची टोळी तालुक्याहून यायची, आणि ती येईपर्यंत पंप बंद. म्हणून १९८०च्या दशकात मार्क ३ आला. त्यात उभा पाइप ३२ मिलिमीटरवरून ६५ मिलिमीटर केला, म्हणजे आतला दट्ट्या आणि खालची झडप पाइपातूनच वर काढता येऊ लागली. चामड्याच्या वायसरच्या जागी रबराचा आला. त्यामुळे गावातल्या गावात, थोड्या हत्यारांनिशी दुरुस्ती करता येईल असं झालं. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात तर शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाया हातपंपाच्या मिस्त्री झाल्या. पाइप रुंद करण्याच्या त्या निर्णयाकडे डिझाईनच्या विद्यार्थिनीच्या नजरेनं बघ. पाणी चढवायला रुंद पाइपाची गरज नव्हती. दुरुस्त करणाऱ्या माणसासाठी पाइप रुंद झाला.

तुमच्या चुलीत दुरुस्त करणाऱ्यासाठी काय रुंद केलंत? अस्तर वर्कशॉपमधल्या यंत्रावर वाकवलेलं असेल, तर ते फाटल्यावर जव्हारच्या बाजारात कोणाकडून करून घ्यायचं? सिमेंटचा पाइप तडकला तर तसाच दुसरा मिळतो का, केवढ्याला मिळतो आणि तो पाड्यापर्यंत आणायचा कसा? उलट जुनी चूल बघ. भेगाळली की घरातली बाई माती आणि शेण कालवून सकाळीच लिंपून टाकते. तिची दुरुस्त करणारी घरातच आहे आणि सुटे भाग अंगणात. धूर करणारी असूनही ती टिकून आहे, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

कोणी तक्रार केली नाही, हे तुझं वाक्य मला टोचलं. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार करायला माणसं संकोचतात. तुम्ही पाहुणे होतात, पुण्याहून आलेली शिकणारी मुलं, शिवाय पुढे काही योजना मिळेल अशीही आशा असते. पाचव्या घरातल्या बाईनं तुझा मान राखला, म्हणून घाईघाईनं जाळ घातला. डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या शिक्षणात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: मुलं जी वस्तू बनवतात किंवा जी सेवा देतात त्याचे पैसे गावातली माणसं मोजतात. पैसे मोजणारा माणूस खडसावून सांगतो, हे दार नीट बसत नाही, परत ने. विद्यार्थ्याला ज्युरीच्या दहा मिनिटांपेक्षा त्या एका वाक्यातून जास्त शिकायला मिळतं. पाबळ तुझ्यापासून दूर नाही. तिथं जाऊन ये, आणि पाहुणी म्हणून जाण्यापेक्षा काही दिवस हातात वेल्डिंगचा दांडा घेऊन राहता आलं तर राहा.

आता वेळापत्रक. याबाबत मी शिक्षणसंस्थांवर मनापासून रागावलेली आहे. तुमचं सत्र जानेवारी ते एप्रिल. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, आणि पावसाच्या तोंडावर घरी येतात. मग तुम्ही मुलाखती कोणाच्या घेतल्यात? मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या आणि शाळकरी पोरांच्या. जी बाई वर्षातले पाऊसकाळाचे महिने त्या घरात रोज दोन वेळा रांधते, ती तेव्हा भट्टीवर विटा वाहत होती. लाकूड तेव्हा खडखडीत वाळलेलं होतं, छप्पर कोरडं होतं. म्हणजे तुम्ही ती चूल एका वेगळ्याच घरासाठी केलीत, आणि ऑगस्टमध्ये तू पहिल्यांदा खऱ्या घरात गेलीस. विद्यापीठाचं वर्ष आणि पाड्याचं वर्ष एकमेकांशी जुळत नाही. जुळवून घ्यायचं असेल तर ते विद्यापीठानं घ्यायला हवं, कारण भाताची लावणी पुढे ढकलता येत नाही.

डिप्लोमा चुलीवर करायचा का, याचं उत्तर मी चौथ्या घरात शोधेन. त्या बाईनं तुमची चूल नाकारली नाही, तिनं तिच्यासाठी दुसरं काम शोधलं. आंघोळीचं पाणी. आता बघ. पाणी तापवायला भाकरीसारखं रुंद तोंड लागत नाही, निखारे पुढे ओढायला लागत नाहीत, सारखं लक्षही द्यायला लागत नाही. तुमची चाचणीसुद्धा पाणी उकळण्याचीच असणार. म्हणजे जे काम तुम्ही मोजलं होतं, नेमकं त्याच कामासाठी ती चूल वापरली गेली. शिवाय पाणी पडवीत किंवा उघड्यावरही तापवता येतं. मग छपराला भोक नको आणि निसरड्या कौलांवर चढणं नको. पावसाळ्यात घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीच्या पाण्याला लाकूड थोडं लागत नाही. तेवढं काम स्वयंपाकाच्या खोलीबाहेर गेलं तर तेवढा धूरही बाहेर जाईल. महाराष्ट्राला बंब काही नवा नाही. तांब्याचा बंब त्या घराला परवडणार नाही, पण तीच कल्पना स्थानिक लोहाराला करता येईल अशा पत्र्यात, भंगारात मिळणाऱ्या डब्यात उतरेल का, हा डिप्लोमाला पुरून उरेल असा प्रश्न आहे. तरी माझं ऐकून लगेच रेखाटायला बसू नकोस. आधी त्या बाईला विचार, की हे तिला कसं सुचलं, आणि बाकीच्या चार घरांनी तसं का केलं नाही.

कदाचित असंही दिसेल की नवी वस्तू नकोच आहे. गॅस घरात असेल, २०१६ पासूनच्या उज्ज्वला योजनेतला, पण भरलेल्या सिलिंडरचे पैसे भट्टीहून आल्यावरच हातात असतात, म्हणून तो चहापुरताच पेटतो. सरपण कोरडं ठेवायला आडोसा नसेल. तसा आडोसा केला तरी ओल्या लाकडाचा धूर कमी होईल. ज्युरीला दाखवायला ते लहान वाटेल. माझ्या लेखी ते लहान नाही.

एक गोष्ट मात्र आग्रहानं सांगते. प्रत्येक पाड्यावर एकदोन बायका अशा असतात की ज्यांच्या हातची चूल चांगली ओढते, आणि दुसऱ्या घरची चूल घालायला त्यांनाच बोलावतात. ती बाई शोध. तिच्यासोबत काम कर, तिच्या दिवसाची मजुरी दे आणि प्रोजेक्टवर तिचं नाव तुझ्या नावाशेजारी घाल, अर्थात तिची इच्छा असेल तर. वर्कशॉपमधल्या वेल्डरला तुम्ही पैसे देता, कारण त्याच्या हातात कसब आहे असं मानता. तिच्याही हातात कसब आहे.

स्पर्धा. आहे तो मजकूर पाठवू नकोस. पाच घरांची आयुष्यं बदलली असं छापून आलं, तर ते वाचून उद्या दुसरी कोणती तरी संस्था अशाच पन्नास चुली बसवील. दक्षिण आफ्रिकेत मुलांच्या गरगर फिरणाऱ्या पाळण्याला पंप जोडला होता, प्लेपंप नावाचा. खेळणाऱ्या मुलांचे फोटो सुंदर होते. २००६ मध्ये अमेरिकेतून मोठा निधी जाहीर झाला आणि २०१० पर्यंत चार हजार पंप बसवायचं ठरलं. प्रत्यक्षात मुलं खेळून दमली की बायकांना तो जड पाळणा हातानं फिरवायला लागायचा. बिघडला तर गावात दुरुस्त व्हायचा नाही. मुदत संपण्याआधीच ती मोहीम आवरती घ्यावी लागली. फोटोंनी जेवढं सांगितलं तेवढ्यावर माणसांनी विश्वास ठेवला होता. म्हणून गटाला सांग: एक तर ऑगस्टसह पाठवू, नाही तर नाव मागे घेऊ. ऑगस्टसह पाठवलेलं काम पहिलं येणार नाही असं तुम्ही का धरून चालता? मी परीक्षक असते तर प्रत्येक घरात पुढे काय झालं याचं एक पान मी सगळ्यात आधी वाचलं असतं. आणि ज्या घरांचे फोटो लावणार असाल त्यांना ते दाखवून विचारा. सही घेतली म्हणजे विचारलं, असं होत नाही.

वडिलांबद्दल. त्यांचा प्रश्न रास्त आहे, त्यात तुला कमी लेखण्यासारखं काही नाही. कर्जाचा हप्ता दर महिन्याला येणार. कंपनीची नोकरी मिळाली तर घे, आणि मन खट्टू करून घेऊ नकोस. मिक्सरचं भांडं, पंख्याचं बेअरिंग, गिझरचा व्हॉल्व्ह गावोगावच्या दुरुस्तीच्या टपरीवर कसे पोहोचतात, कोणता भाग मुद्दाम न उघडणारा केला जातो आणि का, हे तुला कंपनीत बसूनच कळेल. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्यात घरगुती उपकरणांचाही विचार आहे. तेव्हा ‘हा स्क्रू बाहेरून काढता येईल असा ठेवू या’ असं एखाद्या बैठकीत ठामपणे म्हणणारी डिझायनर त्या कंपनीलाही हवी आहे. जव्हार आणि ती नोकरी यांत मला अंतर दिसत नाही, फक्त दुरुस्त करणारा माणूस दोन्हीकडे डोळ्यांसमोर असायला हवा. वडिलांना हप्त्यांचा कागद दाखव, आणि तो पंपाचा रुंद केलेला पाइपही समजावून सांग. शेती किंवा यंत्राशी थोडाही संबंध आलेल्या माणसाला तो लगेच कळतो.

तुमच्यासारख्यांनी जावं का? जावं, पण तिथं राहणाऱ्या कोणाचा तरी हात धरून. जव्हार भागात बाएफ या ग्रामविकासाच्या संस्थेनं आंबा-काजूच्या वाड्यांचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. मुंबई आयआयटीत सितारा हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. फलटण-पुण्याकडे आनंद कर्व्यांनी उभी केलेली आरती संस्था चुली, कोळसा, बायोगॅस यांवरच काम करत आली आहे. अशा ठिकाणी आधीच्या माणसांच्या वह्या असतात, अपयशांच्या नोंदी असतात, आणि तुमचं सत्र संपल्यावर फोन उचलणारं कोणी तरी असतं. प्रत्येक नव्या तुकडीनं पाड्याला पहिल्यांदाच भेटल्यासारखं भेटायचं, तेच प्रश्न विचारायचे आणि एप्रिलमध्ये निघून जायचं, हे मला पाड्यावर अन्याय करणारं वाटतं. तुमच्या संस्थेनं निदान एवढं करावं, की पुढच्या तुकडीला नवी जागा न देता तुमचीच पाच घरं द्यावीत आणि सोबत तुझी ऑगस्टची टिपणं.

म्हणून याच आठवड्यात मार्गदर्शकांना भेट. डिप्लोमाचं मैदानी काम जानेवारीत सुरू न करता आत्ता सुरू करायची परवानगी माग, आणि बांधणीचा काही भाग पुढच्या जूनसाठी राखून ठेवता येईल का, ते विचार. नियम आड आला तर विभागप्रमुखांना लेखी अर्ज दे आणि अर्जात भट्टीच्या हंगामाचं कारण स्पष्ट लिही. शाकारणाऱ्याची मजुरी चौघांत वाटून घ्या. गटातलं कोणी आलं नाही तर तू एकटी जा. दिवाळी झाली की कुटुंबं निघू लागतील, आणि चौथ्या घरातल्या बाईशी तुला जे बोलायचं आहे ते ती घरी असतानाच बोलता येईल.